खिडकीकडची सावली

बाईंना आयुष्यात कुणी कधी विचारून काही दिलं नव्हतं, आणि एकोणऐंशीव्या वर्षी विचारलं ते काय, तर तुमचं प्रदर्शन भरवू का. आता ही काय वेळ झाली? चाळिशीत विचारलं असतं तर बाईंनी रजा काढून हॉलच्या भिंतीसुद्धा स्वतः रंगवून दिल्या असत्या. तेव्हा सगळं जग आपापल्या कामात होतं, आणि आता बाईंच्या डोळ्यांनीच अंग काढून घेतलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, मधलं गेलं, कडेचं राहील. म्हणजे समोर बसलेल्या माणसाचं तोंड दिसायचं नाही, दोन्ही कान मात्र व्यवस्थित दिसायचे. बाई म्हणाल्या, चालेल, बऱ्याच जणांच्या तोंडाकडे बघण्यासारखं काही नसतंच.

विचारायला आली ती त्यांचीच एक जुनी विद्यार्थिनी. शाळेत असताना हिला माणसांचे हात काढता यायचे नाहीत, म्हणून हिच्या चित्रातली सगळी माणसं हात पाठीमागे बांधून उभी असायची. आता तिची स्वतःची गॅलरी होती, गळ्यात चष्मा लोंबायचा, आणि एकदा बोलायला लागली की थांबायचं नाव नाही. तिला आपण गॅलरीवालीच म्हणू. बाईंसमोर मात्र ती अजून उभी राहूनच बोलायची. सत्तावीस चित्रं, दोन खोल्या, पंधरा दिवस, असं तिने एका दमात सांगितलं आणि बाई बरं म्हणाल्या. बरं म्हणताना त्यांना आनंद वगैरे काही झाला नाही. पहिला विचार मनात आला तो हा, की माळ्यावरून एवढं सगळं काढणार कोण?

काढणार होती ठिपकी. ठिपकी म्हणजे बाईंची मुलगी, वय वर्षं छप्पन्न. जन्मली तेव्हा एवढीशी होती. तिच्या वडिलांनी बघितलं आणि म्हणाले, ही तर कागदाला ब्रश टेकवून उचलला तेवढीच आहे. तेव्हापासून ठिपकी. आता तिचे गुडघे कुरकुरायचे, केस पांढरे झाले होते, पण नाव काही सुटलं नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत ती तेहेतीस वर्षं चिकटून होती. दिवसभर दाखल्यांवर सही करायची, खाली तारीख घालायची, शिक्का मारायचा, की पुढचा. मध्यंतरी तिचं लग्न झालं होतं. ते तीन वर्षं टिकलं, मग दोन बॅगा घेऊन ती परत आली ती आलीच. मायलेकींचं भांडण नव्हतं. भांडायलासुद्धा बोलावं लागतं, आणि या दोघी बोलायच्याच कमी. संध्याकाळी ठिपकी आली की विचारायची, जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का, आणि मग दोघी दोन खुर्च्यांवर बसून रेडिओ ऐकायच्या.

बाईंनी चौतीस वर्षं एकाच शाळेत चित्रकला शिकवली. चित्रकलेच्या शिक्षकाला शाळेत काय मान असतो ते सांगायला नको. गणिताच्या मास्तरांचं शिकवायचं मागे राहिलं की ते दारात हजर. बाई, तुमचा तास देता का, तुमचं काय, पोरांनी चित्रंच तर काढायचीत. द्यायचा. पाहुणे येणार असले की फळ्यावर स्वागताची अक्षरं कोण काढणार? बाई. नाटकाचा पडदा, मैदानावरच्या चुन्याच्या रेघा, मुख्याध्यापकांच्या दारावरची पाटी, सगळं बाईंच्या गळ्यात. तास पंचेचाळीस मिनिटांचा. त्यातली दहा मिनिटं पाण्याचे डबे भरण्यात जायची आणि दहा सांडलेलं पुसण्यात. उरलेल्या पंचवीस मिनिटांत बाई बाकांमधून फिरायच्या, एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात फडकं. चूक दिसली की बोलणं नाही, समजावणं नाही. पोराच्या खांद्यावरून वाकायचं, चुकलेलं तेवढं फडक्याने पुसायचं, दोन फटकाऱ्यांत बरोबर करायचं. मग कागद उलटा करून मागे पेन्सिलीने दहापैकी मार्क आणि एक ओळ शेरा, आणि चालल्या पुढच्या बाकाकडे.

मार्कही ठरलेले. चार, पाच, सहा. अगदीच नाव ठेवायला जागा नसली तर सात. आठ शाळेत कुणी बघितलेच नव्हते. पोरं त्यांना पाठीमागे सातबाई म्हणायची आणि बाईंना ते ठाऊक होतं. म्हणेनात का. आठ दिले की पोरगं डोक्यावर बसतं आणि शिकायचं थांबतं, असं त्यांचं पक्कं मत होतं.

ठिपकीचे वडील औषधांच्या दुकानात नोकरीला, स्वभावाने गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. ठिपकी बारा वर्षांची असताना एका दुपारी दुकानातच बसल्या बसल्या गेले. त्यानंतर बाईंनी शाळा सुटल्यावर हौशी लोकांचा संध्याकाळचा वर्ग घेतला. दुसरं करणार काय होत्या? सकाळी साडेसहाला घराबाहेर, परत यायला दिवेलागण उलटून जायची. पाय सुजलेले, खांदा भरून आलेला, खांद्यावर तपासायच्या कागदांचा गठ्ठा. स्वतःचं चित्र रविवारी, तेही इस्त्रीच्या टेबलावर, आठवड्याचे कपडे हातावेगळे झाल्यावर. जेमतेम दोन तास मिळायचे. बाईंचा जीव कशात होता असं कुणी विचारलं असतं तर त्या दोन तासांत होता. त्यात कुणी तोंड घातलं की त्या अंगावर धावून जायच्या, आणि घरात तोंड घालणारं माणूस एकच होतं.

तर माळा उपसला. ठिपकी स्टुलावर चढून एकेक चित्र काढायची, पुसायची, भिंतीला टेकवायची. बाई कोंबडीसारखी मान वाकडी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून बघायच्या आणि म्हणायच्या, ठेव, नाहीतर जाऊ दे. जाऊ दे जास्त. काही चित्रं बघून त्यांना नुसताच थकवा आला. कुठल्या चित्रात घाई दिसत होती, कुठल्यात झोप. सगळी नीटनेटकी, कुठे चूक नाही, आणि एकातही मान वर करून बघावं असं काही नाही. ठिपकीला त्या काही बोलल्या नाहीत, पण मनात म्हणाल्या, सहा. जास्तीत जास्त सहा. लोकांनी दोन खोल्या फिरायच्या आणि बाहेर येऊन म्हणायचं, किती मेहनत केली हो बाईंनी. मेहनतीचं कौतुक म्हणजे काय असतं ते बाईंना चांगलं माहीत होतं. चौतीस वर्षं त्यांनीच ते केलं होतं, चार मार्कवाल्यांचं.

मग एक चित्र भिंतीला टेकलं आणि बाई बसल्या जागी पुढे झाल्या.

जेवायचं टेबल, त्याच्यावर झाकून ठेवलेलं ताट. टेबलापासून जराशी ओढून ठेवलेली एक खुर्ची, आपल्याकडे पाठ केलेली. पलीकडे खिडकी, खिडकीत सूर्य गेल्यानंतरचा निळा उजेड. बस, एवढंच. रंग इतका पातळ की श्वास सोडल्यासारखा. खुर्ची रिकामी होती, पण कुणीतरी येणार आहे आणि अजून आलं नाही, अशी रिकामी. बाई मनाशी म्हणाल्या, हे मी कधी काढलं? वर्ष काही केल्या आठवेना. पण एवढ्या चित्रांत एखादं विसरलं तर नवल कसलं? टेबल त्यांचं, खुर्ची त्यांची, दोन्ही अजून त्याच जागी होती. आपल्याला हे कधीतरी जमलं होतं म्हणायचं, असं वाटून त्यांना एकदम रडू आलं, आणि त्यांनी ते नाक पुसून घालवलं.

"हे घे," त्या म्हणाल्या. "हे पहिलं लावायचं."

ठिपकीने फडकं झटकलं. "नक्की?"

"अगं नक्की काय? एवढं तरी कळतं मला."

ठिपकी पुन्हा स्टुलावर चढली.

गॅलरीवाली बघायला आली आणि त्या चित्रासमोर जी उभी राहिली ती हलायलाच तयार नाही. तिचं म्हणणं असं. खिडकी पलीकडे आहे, सावली अलीकडे पडली आहे, हे ठीकच. पण मग खुर्चीच्या पाठीवर, आपल्याकडच्या बाजूला, हा पिवळसर उजेड आला कुठून? तिथे तर अंधार हवा. तो उजेड कळत नाही आणि म्हणूनच चित्र सोडवत नाही. बाईंनी मान वाकडी करून बघितलं. उजेड होता खरा, आणि त्यांनाही त्याचं कारण सांगता येईना. त्या म्हणाल्या, काही गोष्टी हातून होऊन जातात. असलं वाक्य वर्गात कुणी बोललं असतं तर बाईंनी त्याला बाहेर उभं केलं असतं. पण आता कुणाला काय वाटायचं ते वाटो, त्यांना बरं वाटलं होतं. आयुष्य अगदीच लोकांच्या चुका पुसण्यात गेलं नाही. एक तरी चित्र असं निघालं, जे आपल्या शिस्तीच्या पलीकडे गेलं. चार दिवस त्या जमिनीवर नव्हत्या. फोनवर जुन्या शिक्षिकांना सांगितलं, दूधवाल्याला सांगितलं. निमंत्रणाच्या कार्डावर तेच चित्र टाकायचं ठरलं आणि छापायला गेलंसुद्धा.

ठिपकीने कार्ड बघितलं, चांगलं आलंय म्हणाली, आणि फ्रीजवर ठेवून दिलं.

पुढच्या आठवड्यात गॅलरीवाली चित्रांच्या पाठीवर नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवायला आली. खुर्चीचं चित्र तिने उलटं केलं आणि हसायलाच लागली. बाई, हे काय हे, तुम्ही स्वतःलासुद्धा मार्क देत होता की काय? आणि तिने चष्मा लावून मोठ्याने वाचलं.

"दहापैकी सात. सावली चुकली. उजेड कुठून येतो ते आधी बघावे."

तिला कोण मजा वाटली. एवढ्या चित्राला स्वतःचे स्वतः सात म्हणजे कमाल झाली, हे प्रदर्शनाच्या पुस्तिकेत घालायचंच, म्हणून तिने फोटोही काढला. बाईंनी स्वतःच्या चित्राला उभ्या जन्मात मार्क दिले नव्हते. मार्क दुसऱ्याच्या चित्राला देतात. ठिपकी चहाचे कप गोळा करत होती. तिने आपल्याकडे बघितलं की नाही ते बाईंना कळलं नाही, कारण ती नेमकी समोर उभी होती.

सांगायचं तर तेव्हाच सांगायला हवं होतं. थांब, हे माझं नाही, एवढे चार शब्द. पण बाई नुसतं हं म्हणाल्या आणि मूग गिळून बसल्या. गॅलरीवालीने चिठ्ठी चिकटवली, नंबर एक.

दुसऱ्या दिवशी ठिपकी कचेरीत गेल्यावर बाईंनी ते चित्र मांडीवर घेतलं. डोळ्यांचा उपयोग नव्हता, म्हणून बोटं फिरवली. खिडकीवर, ताटावर, खुर्चीच्या पाठीवर रंग असा पातळ, की बोटाला कॅनव्हासची वीण लागत होती. टर्पेंटाइन मनसोक्त घातलेलं. बाईंचा स्वतःचा हात जाड, त्या रंग चोपडायच्या. बोटं खाली सरकली आणि खुर्चीच्या पायांपाशी अडखळली. तिथे रंगाची जाड कड उठली होती. दोन फटकारे, डावीकडून उजवीकडे, शेवटी जरासा उचललेला ब्रश. हा हात त्यांचा होता. चौतीस वर्षं हजारो कागदांवर फिरलेला हात, तो त्या ओळखणार नाहीत तर कोण?

आणि मग सगळं आठवलं. ठिपकी तेव्हा सोळाची. आर्ट कॉलेजचा फॉर्म तिने आणून ठेवला होता, सोबत एक चित्र द्यायचं होतं. ती काढायची तेव्हा बाई घरी नसायच्याच. त्या संध्याकाळी त्या आल्या तेव्हा ठिपकी आत झोपून गेली होती आणि हे चित्र टेबलावर ओलं होतं, वह्या-कागदांच्या गठ्ठ्याला लागून. एकशेवीस कागद तपासायचे होते. एकशेवीस झाले आणि हात थांबलाच नाही. सावली उलटी होती, चक्क खिडकीकडे पडलेली. खिडकीतून उजेड येतो आणि सावली खिडकीकडे? एवढं कळू नये, आणि तेही माझ्या मुलीला? बाईंनी फडक्याने पुसली, दोन फटकाऱ्यांत अलीकडे काढली, चित्र उभं धरून मागे सात लिहिले. घरची म्हणून आठ द्यायचे नाहीत. उलट त्यांना वाटलं, पोरीचं एक काम केलं, आता कॉलेजात द्यायला हरकत नाही.

सकाळी त्या गेल्या तेव्हा ठिपकी उठली नव्हती. संध्याकाळी परत आल्या तर सगळे ब्रश साबणाने धुऊन, पुसून, कपात उभे केलेले. फॉर्म तिने भरलाच नाही. ऑफिसच्या कामाचा कोर्स करते म्हणाली. बाईंनी खोदून विचारलं नाही. लोकांना सांगितलं, तिला आवडच नाही हो. आणि आता सांगतोच आहोत तर हेही सांगून टाकू, की बाईंना तेव्हा थोडं सुटल्यासारखं वाटलं होतं. घरात इस्त्रीचं टेबल एकच होतं.

प्रदर्शनाला दोन दिवस उरले. उद्या सकाळी टेम्पो येणार, आणि एकाही चित्रावर सही नाही. बाई सह्या करत नसत. चित्र पुरं झालं असं कधी वाटलंच नाही तर सही कशावर करायची? पण गॅलरीवालीने निक्षून सांगितलं होतं, सही नसलेलं चित्र लावणार नाही. ठिपकी कचेरीतून आली, हातपाय धुतले आणि कामाला लागली. बाई त्यांच्या नेहमीच्या खुर्चीत, टेबलावर एकेक चित्र. ठिपकी बाईंच्या डाव्या हाताचं बोट चित्राच्या कोपऱ्यात नेऊन टेकवायची, त्या बोटाच्या अंदाजाने उजवा हात सही करायचा. मग ठिपकी चित्र उचलून वाळायला ठेवायची. सव्वीस वेळा असं झालं. बाईंची पाठ मोडून आली. बाहेर उजेड उतरत चालला होता.

सत्ताविसावं तेच. ठिपकीने काही न बोलता बाईंचं बोट कोपऱ्यात टेकवलं.

ब्रश बाईंच्या हातात होता. सही केली असती तर कुणाला कळणार होतं? ठिपकीने चाळीस वर्षं ब्र काढला नाही, ती आता थोडीच काढणार होती. आणि हे चित्र गेलं तर मागे काय उरत होतं? सव्वीस सहा. सातबाईंच्या पदरात एकही सात नाही. बाईंना इतकं थकल्यासारखं झालं, की वाटलं करून टाकावी, विषय संपवावा, आणि जाऊन आडवं व्हावं. त्यांनी ब्रश खाली ठेवला.

"हे माझं नाही."

ठिपकीने रॉकेलच्या डब्यात दुसरा ब्रश खळबळला. "हो," ती म्हणाली.

"मग काढलंस कशाला माळ्यावरून? ठेवायचंस तिथेच."

ठिपकीने फडक्याला ब्रश पुसून ठेवला, मग म्हणाली, "मला बघायचं होतं, तुला ओळखू येतं का."

बाईंनी चित्रावर हात ठेवला.

"नाही आलं. उलट आवडलं तुला. स्वतःचं वाटलं म्हणून आवडलं." ठिपकीच्या आवाजात राग नव्हता. कचेरीत कुणाला कागद कमी आहेत म्हणून सांगावं, तसं तिने सांगितलं. राग असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

"चुकलं माझं," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी हजारो कागदांवर दुसऱ्यांच्या नावाने लिहिलं होतं, स्वतःच्या नावाने कधी नाही, आणि ते तोंडातून बाहेर पडायला चाळीस वर्षं लागली याची त्यांना मनापासून लाज वाटली. पण हाडाची मास्तरीण ती मास्तरीणच. घटकाभराने त्यांना राहवेना. "पण ठिपके, सावली तू खिडकीकडे काढलीस कशी? उजेड तिकडूनच येतोय ना?"

ठिपकी हसली. हसता हसता तिने डोळे टिपले.

"स्वयंपाकघरातला दिवा लागलेला होता, आई. तू यायचीस तेव्हा रोज लागलेलाच असायचा."

मग तिने बाईंना दंडाला धरून उठवलं, खुर्ची टेबलापासून जराशी ओढली आणि आत जाऊन दिवा लावला. खिडकीत अजून निळा उजेड होता. बाई स्वयंपाकघराच्या दारात, मुलीच्या शेजारी उभ्या राहिल्या. त्यांनी मान वाकडी केली. खुर्चीच्या पाठीवर पिवळा उजेड पडला होता, आणि सावली पार फरशीवरून खिडकीपर्यंत गेली होती.

वर्षानुवर्षं बाई संध्याकाळी त्या घरात यायच्या. आल्या की सरळ त्या खुर्चीत बसायच्या, ताटावरचं झाकण काढायच्या, गठ्ठा सोडायच्या. ती खुर्ची रिकामी कशी दिसते हे त्यांना माहीतच नव्हतं. ते बघायची पाळी रोज ठिपकीवर होती.

बाई म्हणाल्या, सुरी आण, माझी सावली खरवडून काढते, बोटांना जागा माहीत आहे. ठिपकी नको म्हणाली. तू खाली काही शिल्लक ठेवलं नव्हतंस, पुसून मग काढली होतीस, आणि ती सावली कुठल्या रंगाची होती ते आता मलाही आठवत नाही. बाई आपल्या खुर्चीकडे गेल्या, पण बसल्या नाहीत. टेबलाशी उभं राहूनच त्यांनी ठिपकीला फोन लावायला सांगितला.

गॅलरीवालीला त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं. हे चित्र माझं नाही, माझ्या मुलीचं आहे, सावली तेवढी माझी, आणि ती चुकीची आहे. पलीकडे आयुष्यात पहिल्यांदा शांतता पसरली. मग गॅलरीवाली रडकुंडीला येऊन म्हणाली, बाई, कार्डं वाटून झाली, आता मी लोकांना काय सांगू? बाई म्हणाल्या, भिंतीवर चिठ्ठी लाव, चूक बाईंची, आणि खाली सही माझी घे. माझी सव्वीस लावायची तर लाव, नाही लावलीस तरी मी काही म्हणणार नाही. एवढं बोलून त्यांना धाप लागली. ठिपकीने फोन त्यांच्या हातातून काढून घेतला.

बाईंनी चाचपडत ब्रश शोधला आणि तिच्यापुढे धरला. "सही कर."

ठिपकी नको म्हणाली, मग उगीच म्हणाली, आता काय त्याचं, मग तिने ब्रश घेतला. पेन धरतात तसा धरला. कोपऱ्यात वाकून तिने दाखल्यावर करतात तशी सही केली, पूर्ण नाव, खाली रेघ, आणि रेघेखाली, सवयीने, तारीख.

बाई कडेने बघत होत्या. "तारीख आजची घातलीस," त्या म्हणाल्या. "चित्र चाळीस वर्षांपूर्वीचं आहे."

"सही आज केली ना," ठिपकी म्हणाली. "ज्या दिवशी करायची त्याच दिवसाची घालायची असते."

बाईंचा हात फडक्याकडे गेला. तिथवर जाऊन तो थांबला, आणि त्यांनी तो मागे घेतला.